हनुवटीवर मुरूम म्हणजे मूत्रपिंड बिघडले का? चिनी वैद्यक चेहऱ्याकडे कसे पाहते

प्रश्न विचारणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत, दोन मुलांच्या आई आहेत आणि गेली चार वर्षे सिंगापूरला राहतात. पाळीच्या आठवडाभर आधी त्यांच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने खोल, दुखरे मुरूम येतात आणि दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांग आहे. मोबाइलवर पाहिलेल्या ‘चिनी चेहरा-नकाशा’त हनुवटी म्हणजे मूत्रपिंड आणि गाल म्हणजे यकृत असे लिहिले होते, म्हणून त्यांनी घाबरून दोन्ही अवयवांच्या रक्तचाचण्या करून घेतल्या आणि त्या पूर्णपणे निर्दोष आल्या. त्यानंतर तिथल्या एका चिनी वैद्यांनी नाडी व जीभ पाहून ‘यकृताची ची (म्हणजे शरीरातून वाहणारी मानली जाणारी जीवनशक्ती) अडली आहे, प्लीहा दुर्बळ आहे, थोडी ओलसर उष्णताही आहे’ असे निदान केले आणि १४ दिवसांच्या पुड्या दिल्या. आता त्या विचारतात की चाचण्या निर्दोष असताना यकृत कसे बिघडले, पुड्या घ्याव्यात का, ग्वा-शा (त्वचेवरून पट्टी किंवा दगड ओढण्याचा उपाय) करावे का, आणि त्वचारोगतज्ज्ञांनी मुरुमांवर दिलेले अ‍ॅडापालीन जेल या काळात बंद करावे का.

माझे शिक्षण चीनमधल्या नानजिंगला झाले आणि गेली १८ वर्षे मी पुण्यात अ‍ॅक्युपंक्चर करते. चिनी औषधी मी इथे देत नाही. त्यांच्याविषयी जे लिहीन ते शिकत असताना बाह्यरुग्ण विभागात वरिष्ठांच्या शेजारी बसून पाहिलेले आणि नंतर वाचनातून पडताळलेले आहे. शिवाय मी तुमची नाडी पाहिलेली नाही, जीभ पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्या वैद्यांचे निदान बरोबर की चूक हे मी सांगू शकत नाही. त्यांनी ते कोणत्या विचाराने केले असावे, हे मात्र उलगडून सांगता येईल. माझ्या मते तुमची खरी अडचण मुरूम आणि वांग यांच्याइतकीच भाषेची आहे, कारण एकाच शब्दाचे दोन अर्थ तुमच्यासमोर आले आणि त्यांतला चुकीचा अर्थ धरून तुम्ही प्रयोगशाळेत गेलात.

चिनी वैद्यकात ज्याला ‘गान’ म्हणतात त्याचे भाषांतर यकृत असे केले जाते, पण त्या शब्दाखाली येणारी कामे शरीरशास्त्रातल्या यकृताची नाहीत. रक्त साठवणे, ‘ची’चा प्रवाह मोकळा ठेवणे, पाळीचे वेळापत्रक सांभाळणे, डोळे आणि स्नायुबंध यांचे पोषण करणे, आणि राग किंवा घुसमट पचवणे अशी ती यादी आहे. ‘प्लीहा’ तर जवळजवळ सगळी पचनशक्तीच आहे. पोटाच्या डाव्या बाजूला असलेल्या त्या लहान अवयवाशी तिचा संबंध नावापुरताच. मराठीतही असे घडलेले आहे. खाटकाकडे कलेजी मागितली तर यकृत मिळते, पण काळजाला घरे पडली म्हणणाऱ्या माणसाला कोणी यकृताच्या चाचण्या लिहून देत नाही. त्यामुळे ‘यकृताची ची अडली’ हे वाक्य आणि निर्दोष अहवाल यांत विसंगती नाही. दोन्ही वाक्ये वेगवेगळ्या गोष्टींविषयी आहेत.

आता त्या नकाशाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच तरुण मुलींपैकी एक तरी तो दाखवते. त्याचे मूळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात आहे. त्यातील ‘सू-वेन’ या भागाच्या ३२व्या अध्यायात म्हटले आहे की यकृताच्या तापात डावा गाल आधी लाल होतो, हृदयाच्या तापात कपाळ, प्लीहेच्या तापात नाक, फुप्फुसाच्या तापात उजवा गाल आणि मूत्रपिंडाच्या तापात हनुवटीकडचा भाग. हा अध्याय तापावर सुया कशा टोचाव्यात याविषयीचा आहे. मुरुमांचा त्यात विषयच नाही. त्याच ग्रंथाच्या ‘लिंग-शू’ या दुसऱ्या भागातील ४९व्या अध्यायात चेहऱ्याची वेगळीच वाटणी दिली आहे: तिथे भुवयांच्या मधोमध फुप्फुस, दोन डोळ्यांच्या मध्ये हृदय, त्याखाली नाकाच्या दांडीवर यकृत आणि मूत्रपिंड गालाकडे आहे. म्हणजे मूळ ग्रंथातच दोन नकाशे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. नानजिंगला आम्हाला हे दोन्ही शिकवले गेले, पण केवळ मुरूम कुठे उठला यावरून अवयव ठरवताना मी एकाही शिक्षकाला पाहिले नाही. जागा ही दहा खुणांपैकी एक खूण असते आणि उरलेल्या नऊ खुणा तिच्या विरुद्ध असतील तर ती सोडून द्यायची असते.

तरीही हनुवटी आणि ओठांभोवतीचा भाग चिनी वैद्यकात महत्त्वाचा आहेच, आणि त्याचे कारण मूत्रपिंडापेक्षा अधिक रोचक आहे. ‘लिंग-शू’च्या त्याच ४९व्या अध्यायात नाकाच्या शेंड्याखालचा भाग मूत्राशय आणि गर्भाशय यांचा म्हटला आहे. दुसऱ्या एका अध्यायात असे वर्णन येते की छोंग आणि रन या दोन वाहिन्या (म्हणजे ची आणि रक्त यांचे मानलेले मार्ग) गर्भाशयात उगम पावतात, वर चढत घशाशी मिळतात आणि तिथून फुटून ओठांना वेढतात. या दोन वाहिन्या पाळी आणि गर्भधारणा यांच्या मानल्या जातात. म्हणून पाळीआधी हनुवटीवर मुरूम आले की चिनी वैद्य मूत्रपिंडाचा विचार करण्याआधी पाळीविषयी विचारतो: किती दिवसांनी येते, रक्ताचा रंग कसा, गाठी पडतात का, आधी छाती जड होते का, चिडचिड होते का. प्रौढ स्त्रियांमध्ये जबड्याच्या कडेने येणारे मुरूम अनेकदा पाळीच्या चक्राबरोबर उसळतात, हे आधुनिक त्वचाशास्त्रही सांगते. हे साम्य मला आवडते, पण त्यावरून वाहिन्यांचे अस्तित्व सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. शेकडो वर्षे बायकांचे चेहरे आणि पाळ्या एकत्र पाहणाऱ्या माणसांच्या नजरेत तो संबंध भरला आणि त्यांनी तो आपल्या भाषेत लिहून ठेवला, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

चेहऱ्याकडे पाहण्याचा चिनी वैद्यकातला मुख्य निकष डाग किंवा रंग नसून तजेला आहे. ‘सू-वेन’च्या १७व्या अध्यायात पाच रंगांची वर्णने आहेत आणि ती वाचताना मला अजूनही नवल वाटते: लाल रंग पांढऱ्या रेशमात गुंडाळलेल्या हिंगुळासारखा असावा, गेरूसारखा नसावा, पांढरा हंसाच्या पिसासारखा असावा, मिठासारखा नसावा, पिवळा तलम वस्त्रात बांधलेल्या मनशीळेसारखा असावा, पिवळ्या मातीसारखा नसावा, काळा लाखेच्या एकावर एक चढवलेल्या थरांसारखा असावा, कोळशासारखा नसावा. प्रत्येक जोडीत रंग एकच आहे. एकात आतून झिरपणारी, झाकलेली चकाकी आहे आणि दुसऱ्यात कोरडेपणा आहे. सावळ्या त्वचेला या वर्णनात कमीपणा नाही, कारण लाखेचा काळा रंग तिथे निरोगी आहे. अर्थात प्रत्यक्ष चिनी समाज या ग्रंथाप्रमाणे वागतो असे समजू नका. ‘एक गोरेपण तीन कुरूपपणे झाकते’ ही म्हण तिथलीच आहे आणि ती आपल्याकडच्या कोणत्याही लग्नाच्या बैठकीत खपून जाईल. गोरेपणाच्या मलमांचा बाजार त्या म्हणीवर चालतो. वैद्यकाचा आधार तिला नाही.

त्याच ‘सू-वेन’च्या पहिल्या अध्यायात स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडले आहे. ३५व्या वर्षी यांगमिंग वाहिन्या, म्हणजे जठर आणि मोठे आतडे यांच्या वाहिन्या, क्षीण होऊ लागतात, चेहरा कोमेजू लागतो आणि केस गळू लागतात, असे तिथे म्हटले आहे. तुम्ही ३६ वर्षांच्या आहात म्हणून हे वाचून खचू नका. मी ते सांगते आहे ते एका कारणासाठी: चेहऱ्याचा तजेला त्या लेखकांनी कातडीशी न जोडता पचनाशी जोडला होता. जठराची वाहिनी चेहऱ्यावरूनच जाते, आणि रोज खाल्लेल्या अन्नातून तयार होणारे रक्त आणि ची चेहऱ्यापर्यंत पोहोचले नाही तर वरून काहीही लावले तरी ते टिकत नाही, असा तो विचार आहे. म्हणून चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला मी पहिली दहा मिनिटे शौच, भूक, झोप आणि पाळी याविषयीच विचारते, आणि अनेकींना ते विचित्र वाटते.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टी या नजरेने पाहू. युरोपातल्या सहकाऱ्यांबरोबर रात्री उशिरापर्यंत बैठका, झोप दीड वाजता, सकाळी केवळ बर्फाची गोड कॉफी, दुपारी कार्यालयातले थंडगार सॅलड, संध्याकाळी पोट फुगणे, पाळीआधी छाती दुखणे आणि मुलांवर ओरडणे, पाळीत गडद गाठी. चिनी वैद्य यातून असे सूत्र बांधतो: ताण आणि अपुरी झोप यांमुळे ची अडते, अडलेली ची तापते, जशी बंद खोली तापते, पाळीआधी रक्त खाली जाण्याऐवजी ती उष्णता छोंग वाहिनीतून वर येते आणि हनुवटीवर फुटते. दुसरीकडे थंड आणि गोड खाण्याने प्लीहा दमते, अन्नाचे नीट रूपांतर होत नाही आणि ‘ओल’ साचते, म्हणून मुरूम खोल, पूयुक्त आणि हट्टी होतात. ची दीर्घकाळ अडली की रक्तही अडते, आणि ‘रक्त साकळल्याशिवाय डाग पडत नाही’ असे एक सूत्रच तिथल्या त्वचाविभागात म्हटले जाते. त्यामुळे वांग आणि पाळीतल्या गाठी ते एकाच दोऱ्यात ओवतात. तुमच्या वैद्यांच्या एका ओळीच्या निदानामागे बहुधा हा सगळा तर्क असावा. याच मुरुमांसाठी दुसऱ्या रुग्णाला ते अगदी वेगळे निदान करतील. विशीतल्या मुलाच्या कपाळावर आणि नाकावर बारीक लाल पुटकुळ्या असतील तर ते फुप्फुसाची उष्णता म्हणतील आणि लोकाटाची पाने घातलेला काढा देतील; १७४२ सालच्या ‘ईझोंग जिनजियान’ या राजाश्रयाने तयार झालेल्या वैद्यकसंग्रहात मुरुमांसाठी तो सांगितला आहे. तो काढा तुमच्यासाठी नाही. मैत्रिणीला लागू पडलेले औषध तुम्हाला का द्यायचे नाही, याचे उत्तर या फरकात आहे.

जिभेविषयी एक गंमतीची पण महत्त्वाची गोष्ट. आपण मराठी माणसे सकाळी जिभलीने जीभ इतकी खरवडतो की वैद्याला तिच्यावरचा थर दिसतच नाही. ओलसर उष्णतेची मुख्य खूण म्हणजे पिवळा, चिकट थर. दुर्बळ प्लीहेची खूण म्हणजे फिकट, फुगलेली आणि कडेने दातांचे ठसे असलेली जीभ. साकळलेल्या रक्ताची खूण म्हणजे जांभळट छटा. पुढच्या भेटीच्या दिवशी जीभ खरवडू नका आणि आधी कॉफी किंवा हळदीचे दूधही घेऊ नका.

खाण्यापिण्याकडे वळते, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक फरक इथेच पडतो. सिंगापूरला तुम्ही ‘हीटी’ आणि ‘कूलिंग’ हे शब्द रोज ऐकत असाल, आणि मुरूम आले की कोणीतरी थंड गुणाचा वनस्पतींचा चहा प्यायला सांगतेच. तुमच्या वर्णनावरून मला तो रोज पिणे धोक्याचे वाटते: वरून उष्णता दिसत असली तरी पोट थंड आणि दमलेले असेल तर थंड काढ्यांनी मुरूम दोन दिवस बसतात, पोट अधिक फुगते आणि पुढच्या महिन्यात मुरूम पुन्हा येतात. त्याऐवजी सकाळी गरम, शिजवलेले, पातळ काहीतरी घ्या. नानजिंगला आमच्या शिक्षिका प्रत्येक दुर्बळ पोटाच्या रुग्णाला तांदळाची ‘जोउ’ सांगत, आणि पहिल्यांदा ती समोर आली तेव्हा मला हसू आले, कारण ती आमच्या मालवणच्या आजीची पेज होती, फक्त सोबत लोणच्याऐवजी खारवलेली भाजी होती. तीत यी-रेन मूठभर घालता येते. ज्याच्या रानटी जातीच्या बिया आपल्याकडे वैजयंती माळेत ओवतात तेच हे धान्य. दुर्बळ पोटासाठी ते कोरडे भाजून घ्यावे, आणि गरोदर असाल किंवा राहण्याचा विचार असेल तर टाळावे. गोड पदार्थ, तळण आणि साखरेचे दुधाळ चहा कमी करा. याबाबत दोन्ही वैद्यके एकमेकांच्या जवळ येतात. मुरुमांवरील पूरक उपचारांचा २०१५ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने जो आढावा घेतला, त्यात रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणाऱ्या आहाराच्या बाजूने थोडा, जरी कमी दर्जाचा, पुरावा मिळाला. वनौषधी, अ‍ॅक्युपंक्चर आणि कपिंग (त्वचेवर पेले चिकटवून ओढ देणे) यांच्या बाजूने मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही. मी अ‍ॅक्युपंक्चर करून पोट भरते, तरी हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

झोपेविषयी चिनी घड्याळ प्रसिद्ध आहे: रात्री ११ ते १ पित्ताशयाची वेळ आणि १ ते ३ यकृताची, म्हणून ११च्या आत झोपा. ते आकडे फार अक्षरशः घेऊ नका, कारण ते सूर्याच्या वेळेचे आहेत आणि सिंगापूरचे घड्याळ सूर्यापेक्षा सुमारे तासभर पुढे चालते. मध्यरात्र उलटण्यापूर्वी झोप लागणे, आणि आठवड्यातले किमान पाच दिवस तीच वेळ पाळणे, इतके जमले तरी पुष्कळ आहे. बैठका बदलता येत नसतील तर निदान पाळीआधीच्या दहा दिवसांत त्या कमी करून पाहा. माझ्या अनेक रुग्णांना महिनाभराचा नियम जमत नाही, दहा दिवसांचा जमतो.

आता पुड्यांबद्दल. या निदानाला सर्वाधिक दिले जाणारे पारंपरिक सूत्र म्हणजे श्याओयाओ सान, सोंग काळापासून वापरात असलेले. त्यात छाय-हू, दांग-ग्वेइ, पांढरा पिओनी, बाय-झू, फू-लिंग, ज्येष्ठमध, आणि जोडीला आले व पुदिना असतो. उष्णता अधिक असेल तर त्यात मू-दान-पी आणि झर-झ, म्हणजे एका जातीच्या गार्डेनियाची फळे, वाढवतात. तुमच्या पुडीवरच्या घटकांची यादी पाहा आणि वैद्यांना नावे विचारा; चांगला वैद्य ती लपवत नाही. काही गोष्टी मात्र तुम्हीच त्यांना सांगितल्या पाहिजेत: गर्भधारणेची शक्यता, रक्त पातळ करणारी औषधे, रक्तदाब आणि कुटुंबातली जी-सिक्स-पी-डी विकाराची (तांबड्या रक्तपेशींतल्या एका विकराच्या आनुवंशिक कमतरतेची) माहिती. दांग-ग्वेइ रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकतो आणि ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. हुआंग-ल्येनसारख्या बर्बेरीनयुक्त औषधींवर सिंगापूरने १९७८ साली बंदी घातली होती, कारण जी-सिक्स-पी-डीची कमतरता असलेल्या नवजात बालकांना होणाऱ्या काविळीशी त्यांचा संबंध जोडला गेला होता. पुढे ती बंदी उठली, पण प्रश्न विचारण्याची सवय राहिलेली बरी. झर-झ वर्षानुवर्षे घेतल्यास मोठ्या आतड्याच्या शिरा कठीण होण्याचा एक दुर्मीळ विकार नोंदवला गेला आहे, म्हणून ‘मागच्या वर्षीची पुडी लागू पडली होती, तीच घेत राहते’ असे करू नका. चिनी वैद्यकातच पाळीआधी ची मोकळी करणे, पाळीत रक्त वाहते ठेवणे आणि पाळीनंतर पोषण करणे असा बदल अपेक्षित असतो. महिनोन्महिने एकच पुडी हे त्या शास्त्रालाही धरून नाही. सिंगापूरला चिनी वैद्यांची नोंदणी २००० सालच्या कायद्याने होते आणि तयार चिनी औषधांवर तिथल्या आरोग्यविज्ञान प्राधिकरणाचे नियंत्रण आहे. तुमचे वैद्य नोंदणीकृत आहेत का हे नोंदणी करणाऱ्या मंडळाच्या यादीत पाहता येते. नोंदणी असेल, नावे मिळाली असतील आणि वरीलपैकी काही लागू नसेल, तर १४ दिवस घेऊन पाहण्यास माझी हरकत नाही. मळमळ, गडद लघवी, अंगाला खाज किंवा डोळे पिवळे वाटले तर त्याच दिवशी थांबवून रुग्णालयात जावे.

वांगाबाबत मला एक कबुली द्यायची आहे. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी मी एका शिक्षिकेच्या वांगावर चार महिने सुया लावल्या, झोप सुधारली, पाळीतल्या गाठी कमी झाल्या, आणि वांग जसेच्या तसे राहिले. पाचव्या महिन्यात माझ्या लक्षात आले की त्या रोज दुपारी पाऊण तास उन्हातून स्कूटरवर जातात आणि मी ते कधी विचारलेच नव्हते. रक्त साकळणे वगैरे तर्क आपल्या जागी असला तरी वांग ऊन आणि दृश्य प्रकाश यांनी गडद होते, आणि विषुववृत्ताजवळच्या तुमच्या शहरात ऊन बाराही महिने आहे. रोज रंगछटा असलेले, लोहाची ऑक्साइडे असणारे सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी पुन्हा, आणि टोपी. हे झाल्याशिवाय वांगासाठी एकही पुडी किंवा सुई यांवर पैसे घालवू नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही वांग वाढवू शकतात, त्याविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला.

ग्वा-शा मूळचे चेहऱ्यासाठी नव्हते. ताप, उन्हाचा त्रास, अंग आखडणे यांसाठी पाठीवर आणि मानेवर वाटीच्या कडेने किंवा शिंगाच्या पट्टीने लाल ठिपके उठेपर्यंत ओढण्याचा तो घरगुती उपाय. चेहऱ्यावरचे जेडचे दगड ही त्याची अलीकडची सौम्य आवृत्ती आहे. तेल लावून, पट्टी जवळजवळ आडवी धरून, हनुवटीकडून कानाकडे आणि मग मानेवरून खाली, अगदी हलक्या हाताने केले तर सूज उतरते आणि आवळलेला जबडा सैल होतो. पण तुमच्या बाबतीत दुखऱ्या मुरुमांवरून दगड फिरवणे म्हणजे दाह पसरवणे, आणि वांगावर घर्षण म्हणजे रंग वाढवण्याचा धोका. त्यात अ‍ॅडापालीनने त्वचा आधीच नाजूक झालेली असते. म्हणून चेहरा सोडा. मान आणि खांदे यांवर करायचे तर जरूर करा. चेहऱ्यासाठी जुन्या ग्रंथांतला साधा उपाय अधिक सुरक्षित आहे: तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे आणि डोळ्यांवर व कपाळावर नुसते टेकवायचे. सुयांचे म्हणाल तर मी अशा रुग्णांना हे-गू, ताय-छोंग, झू-सान-ली आणि सान-यिन-ज्याओ हे हातापायांवरचे बिंदू मुख्य धरते, चेहऱ्यावर अगदी थोड्या सुया. गरोदरपणात हे-गू आणि सान-यिन-ज्याओ परंपरेनेच वर्ज्य आहेत.

वरून लावण्याच्या गोष्टींत थोडा इतिहास उपयोगी पडेल. सातव्या शतकातले थोर वैद्य सुन सिम्याओ यांनी चेहऱ्याच्या मलमांच्या आणि धुण्याच्या चूर्णांच्या पाककृती लिहून ठेवल्या, आणि त्या काळचे वैद्य अशी सूत्रे मुलांनाही सांगत नाहीत अशी तक्रारही केली. त्यांचे ‘झाओ-दोउ’ म्हणजे कडधान्याच्या पिठात सुगंधी औषधी मिसळून केलेले चूर्ण, आपल्या उटण्याचे सख्खे भावंडच. पण जुन्या सौंदर्यपाककृतींत पारा आणि शिसेही होते, आणि ‘हजार वर्षांची परंपरा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांपासून दूर राहण्याचे ते एक कारण आहे. दुसरे कारण मी प्रत्यक्ष पाहिले: परदेशातून आणलेल्या एका ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ मलमाने माझ्या एका रुग्णाचा चेहरा आठ दिवसांत उजळला आणि ते थांबवताच लालबुंद झाला. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी स्टेरॉइड ओळखले. घटकांची यादी नसलेले काहीही चेहऱ्याला लावू नका. सध्या तुमच्यासाठी सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पुरे. उटणेसुद्धा नको, कारण तेही घासले जाते.

अनेक वाचक यात वात-पित्त-कफ शोधतील. ओल म्हणजे कफ आणि यकृताची उष्णता म्हणजे पित्त असे समीकरण मोहक आहे, पण दोन्ही शास्त्रांत औषधांची निवड वेगळ्या तर्काने होते, म्हणून दोन्हीकडचे काढे एकाच वेळी घेऊ नका.

आता मुदत. पाळीशी जोडलेला त्रास दोन आठवड्यांत तपासता येत नाही, तीन पाळ्या पाहाव्या लागतात. प्रत्येक पाळीआधीच्या आठवड्यात एकाच जागी, एकाच उजेडात फोटो घ्या आणि मुरूम मोजून लिहा. तिसऱ्या पाळीपर्यंत आकडा उतरला नाही तर माझ्या क्षेत्राचा आग्रह धरू नका. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील किंवा वजन झपाट्याने वाढले असेल तर तेवढीही वाट न पाहता संप्रेरकांच्या चाचण्या कराव्यात. मुरुमांचे खड्डे पडू लागले असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जावे, कारण खड्डा पडल्यावर ‘ची’ कितीही मोकळी केली तरी तो भरून येत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न जेलचा होता. ते बंद करू नका. पुड्या आणि जेल यांचा मला ज्ञात असा कोणताही विरोध नाही, पण दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नका, नाहीतर अंगावर पुरळ उठले तर ते कशाने हे कळणार नाही. जेल आधीच सहा आठवडे चालू आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा पुड्या आता सुरू करायला हरकत नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची यादी दाखवा, आणि गर्भधारणेचा विचार पुन्हा सुरू झाला तर जेल आणि पुड्या दोन्ही त्याच दिवशी थांबवून त्यांना कळवा.